एकवीस अंकांची संख्या

आमच्या निवासी विद्यालयात गणित शिकवताना एक संख्या मी दरवर्षी नववीच्या फळ्यावर लिहितो : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पटाला ६४ ऐवजी ६७ घरे असती, तर एकूण दाणे नेमके एवढे झाले असते. म्हणजेच २ चा ६७ वा घात वजा १.

१६४४ मध्ये मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने ही मूळ संख्या असल्याचे लिहिले; तिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणीही निःशेष भागू शकत नाही, असा त्याचा अर्थ. लिहिणारा नामांकित विद्वान आणि पडताळणी अफाट कष्टाची. त्यामुळे ते विधान दोनशेहून अधिक वर्षे टिकले. १८७६ मध्ये ल्युका या गणितज्ञाने ते खोटे ठरविले, पण संख्येचा एकही अवयव न सांगता. अवयव १९०३ मध्ये अमेरिकेच्या कोल यांनी दिले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, अवयवच सापडले नव्हते, तर संख्या मूळ नाही हे कळले कसे?” प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. प्रत्येक मूळ संख्येला काही कसोट्या उतराव्याच लागतात. एकीत जरी ती अडली, तरी ती मूळ नाही हे निश्चित होते. अवयव शोधणे हे त्याहून कितीतरी कठीण, वेगळे काम.

“मग कोल यांचे तरी खरे कशावरून?” तिचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मी दिले नाही. वर्गाचे आठ गट केले. लहान अवयवात नऊ अंक, त्यांत एक शून्य. म्हणून गुणाकाराच्या आठ ओळी, प्रत्येक गटाला एक. पहिली बेरीज जुळली नाही. कुठे तरी हातचा राहिला होता. रात्रीच्या अभ्यासिकेत मुलांनी तो शोधून काढला आणि एकवीसही अंक जुळले.

या मुलांपैकी अनेकांच्या घरात पाटी-पुस्तक प्रथमच आलेले आहे. तुम्हांला काय जमेल आणि काय जमणार नाही, हे त्यांना आजवर इतरांनीच सांगितले. त्या रात्री मोठ्या नावाचे एक विधान त्यांनी कागद-पेन्सिलीने स्वतः तपासले. गुणांच्या यादीत याची नोंद कुठेच होत नाही; माझ्या लेखी मात्र तेच त्या वर्षाचे फलित होते.

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मुलांसोबत बसून एक गोष्ट करून पाहावी. दोन्ही अवयवांतून एकेक वजा करा आणि १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागा. बाकी शून्य उरते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, भागाकार मांडा.