गॉर्मनच्या खुर्चीत

चित्रपटावरून बेतलेला खेळ म्हटला की आपण त्यात चित्रपटातले प्रसंग शोधू लागतो. मला ही अपेक्षाच चुकीची वाटते, आणि माझा पुरावा आहे १९८६ सालचा 'एलियन्स'. जेम्स कॅमेरॉनच्या या चित्रपटावर घरगुती संगणकांसाठी एकाच सुमारास दोन वेगळे खेळ निघाले. अमेरिकेत ॲक्टिव्हिजनने प्रसंग वाटून घेतले : यान उतरवणे, न्यूट या लहान मुलीला शोधणे, परग्रही जीवांच्या राणीशी झुंज, प्रत्येकाचा एक छोटा खेळ. ब्रिटनमध्ये इलेक्ट्रिक ड्रीम्सने स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ या संगणकांसाठी काढलेल्या खेळात यातले जवळजवळ काहीच नाही. सहा माणसे, शेकडो खोल्या आणि राणीच्या दालनापर्यंत पोहोचून तिला मारणे, एवढाच मामला. तरीही चित्रपटाची भीती मला या दुसऱ्या खेळातच भेटते. त्याने चित्रपटातली घटना उचलली नाही, एक जागा उचलली. लेफ्टनंट गॉर्मन चिलखती गाडीत बसून सैनिकांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांची चित्रे पाहत असतो, ती जागा. रिप्ली, हिक्स, व्हास्क्वेझ, बिशप, बर्क आणि स्वतः गॉर्मन यांना कीबोर्डवरून हुकूम द्यायचे. पण पडद्यावर एका वेळी एकाच्याच डोळ्यांनी बघता येते. व्हास्क्वेझला पुढे सरकवत असताना धोक्याची सूचना वाजते ती हिक्सची. त्याच्याकडे वळेपर्यंत उशीर झाला, तर त्याच्या चित्राच्या जागी मुंग्या येतात. चित्रपटात गॉर्मनच्या समोरचे पडदे असेच एकेक करून जातात, आणि तो गोठून बसतो. तो का गोठला, हे बाहेरून बघताना सहज निंदेचे वाटते. सहा जणांचा भार अंगावर आला की निंदा करवत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ही कल्पकता नव्हे, नाइलाज होता. स्पेक्ट्रमची स्मृती अवघी ४८ केबी, पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत फक्त दोन रंग. एवढ्यात युद्धाचा धुमाकूळ दाखवणार कसा? नाइलाज मला मान्य आहे. पण तो त्या काळी सगळ्यांनाच होता, आणि बहुतेकांनी त्यातही नायकाला आडवे धावायला लावून गोळ्या झाडायला दिल्या. इथे मर्यादेला अर्थ मिळाला. खराब, अर्धवट चित्र हे कॅमेऱ्याचेच लक्षण असल्यामुळे यंत्राचा कमकुवतपणा कथेत बसून गेला.

दुसरा आक्षेप कंटाळ्याचा, आणि तो मी पुरता खोडू शकत नाही. खोल्या एकमेकींसारख्या दिसतात, नकाशा हाताशी नसेल तर माणूस भरकटतो, आणि सहा जणांना एकेक करून दारांतून नेणे हे चक्क हमालीचे काम आहे. पण ही एकसारखी दारेच दचकवतात. शंभर रिकाम्या खोल्यांनंतरची एखादी खोली रिकामी नसते, आणि झाडायच्या गोळ्या मोजक्या असतात. त्या संपल्या की शस्त्रागारापर्यंत मागे यावे लागते. हात सैल पडलेला असतो नेमका तेव्हाच तो सावध हवा असतो. सतत चाललेल्या गोळीबारात असे सैल पडायला वावच नसतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो : चित्रपटाचा जीव असलेली रिप्ली आणि न्यूट यांची माया या खेळात औषधालाही नाही. न्यूटच नाही. ही उणीव मोठी आहे आणि कोणत्याही युक्तिवादाने ती भरून निघणार नाही. मात्र तिच्यातून एक गोष्ट घडते, जी चित्रपटाला शक्यच नव्हती. तिथे रिप्ली नायिका आहे, ती वाचेल याची खात्री प्रेक्षकाच्या मनात कुठेतरी असतेच. इथे ती सहांतली एक. तिच्या चित्रात मुंग्या आल्या तरी खेळ थांबत नाही. उरलेल्या पाचांना हुकूम द्यायचे असतात.