शेवंतीची रात्र

शेवंतीला ऊन लागते हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण फुलायचे असेल तर तिला रात्र अधिक हवी असते, हे मला बऱ्याच उशिरा कळले. काळोख पुरेसा लांबला की मगच ती कळी धरते. १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एका रानटी झुडपावर प्रयोग करून दाखवले की अशा झाडांना सलग रात्रच महत्त्वाची. मध्येच थोडा वेळ दिवा लावला तरी फुलणे अडते.

तुम्ही म्हणाल, फायली सरकवणाऱ्या कारकुनाला या उठाठेवी कशाला? कारण साधे आहे. आईचे माहेर कुर्डीचे. साळावली धरणात गाव गेला, तेव्हा तिथल्या अंगणातली शेवंती एका डब्यातून आमच्याकडे आली. शेवंतीचे कलम म्हणजे नवे झाड नव्हे, तेच झाड पुढे चालवणे. मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीचे चौथरे दिसतात, पण अंगणातले झाड काही वर येत नाही. ते आता फक्त आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत आहे, आणि शेजारच्या इमारतीने त्या खोलीचा उजेड अडवला आहे.

म्हणून एलईडी दिवे, छोटा पंप आणि टायमर आणले. कलमाला मुळे नसतात, त्यामुळे पानांतून गेलेले पाणी त्याला भरून काढता येत नाही. दिवसा दर वीस मिनिटांनी दहा सेकंद फवारा उडतो. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा तो निम्म्यावर आणतो, नाहीतर देठ कुजतात. रात्री फवारा बंद. वाढीच्या काळात दिवे सोळा तास, ऑक्टोबरपासून अकरा. खिडकीला काळा पडदा.

टायमर घेताना एक पाहावे. खुंट्यांचा टायमर वीज गेली की थांबतो. दोन तास वीज नसली की पुढचे सगळे वेळापत्रक दोन तास मागे पडते. आपल्याकडच्या पावसात बॅटरीवर वेळ राखणाराच बरा.

सोळा तासांचे दिवे पाहून आई म्हणाली होती, “पुता, झाडांक न्हीद नाका?” तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावायचा नाही, हा तिच्या माहेरचा नियम. तिचे कारण वेगळे, शास्त्रज्ञांचे वेगळे. पण ऑक्टोबरनंतर माझा टायमर तिचाच नियम पाळतो. कुठले कलम तगेल हे मात्र तो सांगू शकत नाही. ते अजून आईच बोटांनी देठ चाचपून सांगते.

यंदा चौदांपैकी अकरा कलमांना मुळे फुटली. दोन कुंड्या वालकिणीला मामांकडे पोचवल्या. पुनर्वसनात त्यांच्याकडचे झाड केव्हाच गेले होते.