दस्ता, दिवा आणि कुलूप

शनिवार, 5 ऑक्टोबर 2024
बॅस्ट्रॉप, टेक्सस

घरात बंदूक घ्यायची, हे आज नक्की झालं. घर गावाबाहेर, भोवती पाइनची झाडं, शेजाऱ्यांपर्यंत हाक पोचत नाही. 911 फिरवला तरी शेरीफची गाडी यायला वेळ लागणारच. माझा नवरा मिलिंद महिन्यातले बरेच दिवस कामासाठी बाहेर असतो. तेव्हा रात्री घरात मी आणि आमची मुलगी ईराच. मी दोन अटी घातल्या. बंदूक मला झेपणारी हवी, कारण वेळ आली तर घरात मीच असणार. आणि ती ईराच्या हाती कधीही लागता कामा नये. ब्रँड आणि किंमत त्यानंतर.

रविवार, 6 ऑक्टोबर

पंप-ॲक्शन शॉटगनवर आमचं एकमत झालं. पिस्तुलाचा नेम साधायला फार सराव लागतो. शॉटगनला दोन्ही हातांचा आणि खांद्याचा आधार मिळतो. पुढची मूठ मागे ओढली की झाडलेलं काडतूस बाहेर पडतं, पुढे सारली की नवं चढतं.

नावं दोनच सारखी समोर येतात. रेमिंग्टन 870 ही 1950च्या सुमाराची, मॉसबर्ग 500 ही 1961ची. दोन्हींनी एक कोटीचा आकडा ओलांडलेला आहे. पण मी डावखुरी, त्यामुळे माझ्यासाठी प्रश्न सेफ्टीच्या जागेचा. 870ची सेफ्टी चापाच्या मागे आडवी आणि उजव्या हाताच्या सोयीची. मॉसबर्गची वरती, दस्त्याच्या तोंडाशी, दोन्ही अंगठ्यांना सारखीच सापडणारी. अंधारात, घाबरलेल्या हातांना जे न शोधता सापडेल तेच घ्यावं.

शनिवार, 12 ऑक्टोबर

आज रेंजवर भाड्याच्या बंदुका चालवून पाहिल्या. शिकवणाऱ्या बाईंनी आधी रिकामी बंदूक हातात दिली. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. नळी नको त्या दिशेला वळू द्यायची नाही. नेम ठरेपर्यंत बोट चापाबाहेर. लक्ष्य कोणतं आणि त्यामागे काय आहे, हे कळल्याशिवाय झाडायचं नाही. हे नियम माझ्याकडून मोठ्याने म्हणवून घेतले आणि मगच काडतुसं दिली.

12 गेजच्या धक्क्याने मी प्रत्येक बारानंतर मागे रेलत होते आणि पुन्हा नेमावर यायला वेळ जात होता. 20 गेज सुसह्य वाटली. तिच्या बकशॉट काडतुसात साधारण पाव इंचाचे वीस छर्रे असतात. घरातल्या अंतराला तेवढे पुरेसे भयंकर आहेत.

खरा फरक पडला तो दस्त्याने. नेहमीचा दस्ता चौदा इंचांच्या आसपास, मला लांब. पुढच्या मुठीपर्यंत हात ताणावा लागला की ती पुरती मागे येत नाही आणि काडतूस अडकतं. पंपचा हाच मोठा दोष. पण तो योग्य मापाने आणि सरावाने जातो. तेरा इंचांचा दस्ता खांद्याला लावला आणि मूठ शेवटपर्यंत सरकली. 20 गेज, आखूड दस्ता: हे ठरलं.

बाईंनी आणखी एक बजावलं. 20 गेजचं काडतूस चुकून 12च्या बंदुकीत गेलं तर ते घरंगळून नळीत पुढे अडकतं. त्यामागे 12चं झाडलं तर नळी फुटते. म्हणून 20ची काडतुसं पिवळी करतात. आमच्या घरात एकाच मापाची काडतुसं येतील.

मंगळवार, 15 ऑक्टोबर

सकाळी कराडहून दादाचा फोन आला. महाराष्ट्रात विधानसभेची आचारसंहिता लागली. "आता ठाण्यातून नोटीस येईल, बाराबोर जमा करावी लागेल," म्हणाला. आजोबांची दुनळी आता त्याच्या परवान्यावर आहे. त्या परवान्यासाठी अर्ज, पोलीस चौकशी, कारणं, सगळं रीतसर झालं होतं. इथे टेक्ससमध्ये साधी शॉटगन घरात ठेवायला परवाना लागत नाही हे ऐकून तो गप्पच झाला. "मग जबाबदारी कोण बघतं?" त्याने विचारलं. "आम्हीच बघायची," मी म्हटलं. तिकडे सरकार जे प्रश्न विचारतं, ते इथे आपले आपण विचारायला हवेत.

गुरुवार, 17 ऑक्टोबर

1992 साली याच तारखेला लुइझियानात, बॅटन रूझमध्ये योशिहिरो हात्तोरी मारला गेला. जपानहून शिकायला आलेला सोळा वर्षांचा मुलगा. हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकीच्या घराची बेल वाजवली. घरातली बाई घाबरली, नवऱ्याने बंदूक आणली आणि गोळी झाडली. फौजदारी खटल्यात तो सुटला. दिवाणी न्यायालयाने भरपाई द्यायला लावली. मुलगा गेला तो गेलाच.

आपणही परदेशातून आलेली माणसं. आपल्याकडची मुलंही पत्ता चुकतात, उशिरा येतात. म्हणून बंदुकीआधी दिवे: अंगणात आपोआप लागणारे, दाराबाहेर कॅमेरा, हाताशी टॉर्च. आणि टॉर्च बंदुकीपासून वेगळाच हवा. प्रत्येक आवाजावर नळी रोखून कोण आहे ते बघायचं नसतं. चेहरा दिसल्याशिवाय बोट चापाकडे जाणार नाही.

शनिवार, 19 ऑक्टोबर

बंदूक घेतली. नळी साडेअठरा इंची. 1934च्या केंद्रीय कायद्याने साधी शॉटगन अठरा इंचांहून आखूड चालत नाही. 4473 क्रमांकाचा फॉर्म भरला, त्यात ग्रीन कार्डावरचा क्रमांकही लिहिला. एच-1बी व्हिसावर होतो तेव्हा काही अपवाद वगळता हे शक्यच नव्हतं. दुकानदाराने एफबीआयच्या यंत्रणेकडे चौकशी केली आणि थोड्याच वेळात होकार आला.

दुकानात कायद्याने लावलेली पाटी होती: मुलांच्या हाती लागेल अशी बंदूक मोकळी ठेवणं गुन्हा आहे. टेक्ससमध्ये ही वयोमर्यादा सतरा वर्षांखालची. ईरा बारा वर्षांची आहे.

रविवार, 20 ऑक्टोबर

आज बंदूक बाहेर न काढता दोघं घरभर फिरलो. शॉटगनला नेम लागत नाही, छर्रे खोलीभर पसरतात, असं पुष्कळ लोक मानतात. ते खरं नाही. चार-पाच मीटरवर छर्रे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत बसतात, म्हणजे नेम चुकला तर सगळेच चुकतात. आणि इथल्या भिंती अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या; बकशॉट अशा एकामागून एक भिंती भेदून जातं. जिन्याच्या दिशेने झाडलं तर पलीकडे ईराची खोली येते. तेव्हा ठरलं असं: आवाज आला की ईराला आमच्या खोलीत घ्यायचं, दार लावायचं, 911ला सांगत राहायचं आणि दाराकडे तोंड करून थांबायचं. घरभर शोध घेत हिंडायचं नाही. सामान गेलं तर जाऊ दे.

शनिवार, 26 ऑक्टोबर

आमच्या खोलीतल्या भिंतीत पोलादी कपाट बसवलं. कुलूप बोटांनी दाबायच्या आकड्यांचं, आकडे फक्त आम्हा दोघांना माहीत. मॅगझिनमध्ये काडतुसं, नळी रिकामी. सेफ्टी बहुधा फक्त चाप अडवते; बंदूक पडली तर तिचा भरवसा नाही, म्हणून नळी रिकामीच.

ईराला सगळं सांगितलं. कुठेही बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. पण तिच्या शहाणपणावर कुलूप सोपवलेलं नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरातलं माणूस एखाद्या वाईट रात्री कपाटाशी जाऊ शकतं, हे चोरापेक्षा आधी मनात धरायला हवं. मिलिंदला आणि मला मिळून हेही बोलावं लागलं: दोघांपैकी कुणाचं मन फार खचलं, तर दुसऱ्याने आकडे बदलायचे किंवा बंदूक घराबाहेर ठेवायची. त्यात अपमान मानायचा नाही.

मंगळवार, 29 ऑक्टोबर

दिवाळीच्या फराळाला ऑस्टिनहून मंडळी येणार आहेत, मुलाबाळांसकट. आज प्रत्येक घरी फोन करून सांगितलं, "आमच्याकडे बंदूक आहे, कुलपात आहे, मुलांना आकडे माहीत नाहीत." एका वहिनींनी जरा थांबून सांगितलं की त्यांच्याकडेही आहे, पलंगाजवळच्या खणात. मी विचारलं, "कुलूप आहे का?" नव्हतं. या आठवड्यात बसवू म्हणाल्या.

यापुढे ईरा कुणाकडे राहायला जाणार असेल, तर हा प्रश्न मी आधी विचारणार. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, असं आपण संकोच न करता विचारतो. बंदूक आहे का आणि कुलपात आहे का, हेही तितक्याच सरळपणे विचारलं पाहिजे. कुणाला राग आला तरी चालेल.