दीड तासाचं माहेर

आमच्या लेकीला नागपूरचा रिश्ता आला, तेव्हा पाहुणे म्हणाले, "पुण्याहून विमानानं दीड तास!" आम्ही हिशेब मांडला. हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर, रस्त्यानं ७००च्या आसपास. तिकिटावरची वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून थांबेपर्यंतची. घर ते लोहगाव, तपासणी, सामानाची वाट त्यात नाही. काउंटर साधारण १ तास आधीच बंद होतो. दारापासून दारापर्यंत ५ तास धरावेत. बसपेक्षा ते निम्म्याहून कमी, हे खरं. पण घरात कुणाचं दुखणं अचानक वाढलं, तर विमान आपल्या वेळेलाच सुटणार आणि ऐनवेळचं तिकीट बहुधा महाग. आम्ही निकाह कबूल केला; लेकीच्या खात्यात तिकिटापुरती रक्कम वेगळी ठेवली. माहेरी येण्यासाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागू नये.