नाना पेठेत टायरचा बर्थडे

पुण्यात कपड्यांसाठी लक्ष्मी रोड, पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक आणि बाइकसाठी... ऑफकोर्स, नाना पेठ! नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ आता क्लच प्लेट, चेन सेट आणि सायलेन्सरसाठी ओळखली जाते. दुकानांबाहेर टांगलेली हेल्मेट्स, सीट कव्हर्स, टायरच्या चळती, नव्या रबराचा वास आणि ‘काका, किती वेळ लागेल?’ विचारत ताटकळलेली पोरं. एक शनिवार दुपार इथं काढा, शहरातल्या बाइक्सची तब्येत कळते.

माझं काम मात्र सिरियस होतं. धाकटा भाऊ ग्रुपबरोबर भर पावसात ताम्हिणीला निघालेला. आईची अट एकच, आधी मागचा टायर बदल, मग जा. तो गुळगुळीत टायर बघून मीही आईच्या पार्टीत! घाटातल्या ओल्या वळणावर बाइक आणि रस्ता यांच्यात असतं तरी काय? प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढं रबर. बस्स.

पहिल्या दुकानात साइज सांगितला, १००/९०-१७. म्हणजे रुंदी १०० मिमी, उंची तिच्या ९० टक्के आणि रिम १७ इंची. दुकानातल्या दादांनी आतून काळाकुळकुळीत टायर आणला. “घ्या ताई, एकदम फ्रेश माल.” भावही इतरांपेक्षा कमी. मी टायर फिरवत साइडवॉलवरच्या लंबगोल चौकटीतले चार आकडे शोधले. हा टायरचा बर्थडे! पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथं होतं २३१९. म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. फ्रेश?

“गोडाऊनमध्येच होता ताई, एक किलोमीटर चालला नाही.” असेलही. पण रबर न चालताही म्हातारं होतं. ऑक्सिजन, ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते हळूहळू कडक होतं, मग बारीक भेगा पडतात. अंधाऱ्या, थंड जागी ठेवलं तर हे सावकाश होतं, पण तो कुठं, कसा ठेवला होता हे आपल्याला कोण सांगणार? गंमत म्हणजे खाचा नव्यासारख्या खोल दिसतात, म्हणून डोळे फसतात. ओल्या रस्त्यावर मात्र कडक रबराची पकड कमी पडते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनी, दिसायला चांगला असला तरी, बदला, असं अनेक कंपन्याच सांगतात.

आम्ही थँक्यू म्हणून पुढं सरकलो. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी न विचारताच आकडे दाखवले. टायर चार महिन्यांपूर्वीचा. मग भावाला जवळ बोलावून म्हणाले, “बाळा, स्वस्त मिळतो म्हणून सेकंड हँड टायर कधी घेऊ नकोस. झिजलेल्याला पुन्हा खाचा पाडून, पॉलिश मारून विकतात. आतलं रबर किती उरलंय, कोणाला कळत नाही.” भाऊ चक्क गप्प! घरी आमचं कोण ऐकतं?

दोन-तीनशे रुपये जास्त गेले. एका पिझ्झाचे पैसे, बॉस. आईची झोप त्यापेक्षा महाग आहे.

टायर घेताना...
• चार आकडे वाचा. कधी ते एकाच बाजूला असतात, टायर उलटून बघा.
• आयएसआय मार्क आहे ना?
• साइजपुढचे ‘५५पी’सारखे आकडे-अक्षर म्हणजे वजन आणि वेगाची मर्यादा. ५५ म्हणजे २१८ किलो, पी म्हणजे ताशी १५० किमी. बाइकच्या मॅन्युअलशी जुळवा.
• साइडवॉल हलकेच वाकवून भेगा बघा.
• बाणाची दिशा बघूनच टायर बसवून घ्या.
• नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जरा दमानं. ताम्हिणी कुठं पळून जात नाही!