दोन चाके आणि एक वही

सरकारी कचेरीत ‘डायरी’ या शब्दाला जो अर्थ आहे तो बाहेरच्या जगात नाही, हे आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना सांगावयास नको. बाहेरून आलेला कागद सेक्शनमध्ये दाखल झाला, की त्याला प्रथम डायरी नंबर पडतो. नंबर पडत नाही तोवर तो कागद, मग तो कितीही निकडीचा असो, सरकारच्या लेखी आलेलाच नसतो. २०१५ साली आम्ही दिल्लीत रुजू झालो ते याच कामावर. आरंभी जाडजूड रजिस्टरात आणि पुढे ई-ऑफिस आल्यावर पडद्यावर, आम्ही हजारो अर्जांना, स्मरणपत्रांना आणि तक्रारींना नंबर दिले. मात्र आमच्या स्वतःच्या घरी रोज सकाळी जो एक कोरा दिवस दाखल होत असे आणि रात्री मुकाट्याने निकालात निघत असे, त्याला नंबर कधी पडला नाही. एखाद्या वर्षाअखेरीस सौभाग्यवतीने सहज विचारावे, “अहो, या वर्षात आपण केलं तरी काय?” आणि आम्ही रजेच्या हिशेबापलीकडे काही सांगू नये, असे चालले होते.

या स्थितीतून आम्हांला सायकलीने बाहेर काढले. तीही आम्ही हौसेने घेतलेली नव्हे. २०२० साली मार्चमध्ये साथीमुळे मेट्रो बंद झाली ती सप्टेंबरपर्यंत सुरू झाली नाही; कचेऱ्या मात्र त्याआधीच थोड्या थोड्या माणसांनिशी उघडल्या. आमची पाळी आली तेव्हा जावे कसे, हा प्रश्न पडला. आमच्या लोदी कॉलनीतील क्वार्टरच्या जिन्याखाली एका शेजाऱ्याची काळी, उंच सायकल धूळ खात उभी होती. ते गृहस्थ बदलीवर निघाले होते. त्यांनी ती आम्हांला बाराशे रुपयांत दिली आणि वर पंपही दिला. योगायोग असा, की सोनीपतला १९५१ साली आरंभ झालेल्या अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. आणि त्याच आठवड्यात त्याच छापाच्या सायकलीवर बसून आम्ही कर्तव्यास निघालो. उगवत्याला नमस्कार करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. आम्ही मावळत्यावर स्वार झालो.

पहिले आठ दिवस आनंदाचा लवलेश नव्हता. पंधरा वर्षांनी सायकलीवर बसलेल्या लेखनिकाच्या गुडघ्यांनी जे निवेदन सादर केले, त्याची भाषा येथे देता येत नाही. चेन दोनदा उतरली, मागच्या चाकात ‘आऊट’ निघाला, आणि पिंपळाखालच्या मिस्त्रीने काड्या ओढताना आमच्याकडे पाहून म्हटले, “बाबूजी, साइकिल ठीक है, चलाने वाला ढीला है.” परंतु नवव्या की दहाव्या दिवशी, परत येताना, पाय आपोआप फिरत आहेत आणि आपण काहीतरी गुणगुणत आहोत, असे आमच्या ध्यानात आले. मेट्रो सुरू झाली. सहकारी तिच्या थंड डब्यांत परतले. आम्ही परतलो नाही.

घरापासून कचेरीपर्यंतचे अंतर सुमारे ५ किलोमीटर. मेट्रोने जाणाऱ्याला जोरबागेस खाली उतरावयाचे आणि केंद्रीय सचिवालयास वर यावयाचे, एवढेच त्याचे कारण. मधली दिल्ली त्याच्या डोक्यावरून जाते. आम्ही पाच वर्षे याच शहरात राहून ते पाहिले नव्हते. आमच्या कॉलनीच्या उंच कमानी चाळिशीच्या दशकात, इंग्रजी अमदानीच्या अखेरीस उभारल्या गेल्या. तिच्या भिंतींवर गेल्या दहा वर्षांत चित्रकारांनी मोठमोठी चित्रे काढली आहेत, आणि लांबलांबचे लोक ती पाहावयास येतात. आम्ही त्या भिंतींखालून रोज घाईने जात होतो, परंतु मान वर केली ती सायकलीवर बसल्यावर. लोदी रोड ओलांडून अमृता शेरगिल मार्गाला लागावे, तो मे महिन्यात दोन्ही बाजूंचा बहावा असा फुललेला, की उन्हालाच घोस लागले आहेत असे वाटावे. अकबर रोडवर चिंचा, जनपथावर अर्जुनवृक्ष, आणि २०२२ पासून ज्याला कर्तव्यपथ म्हणतात त्या रस्त्याच्या कडेला जांभळी. जूनअखेर खाली जांभळांचा सडा पडतो आणि टायर जांभळे होतात. ऑक्टोबरात संध्याकाळी सातवीण फुलते; तिचा उग्र वास नाकात शिरला, की दिवाळीच्या रजेचा अर्ज टाकावयास उशीर झाला हे आम्हांला आठवते. लोदी बागेच्या भिंतीवरून राखी धनेशाची जोडी रस्ता ओलांडते, ती पाहण्यासाठी आम्ही एकदा थांबलो आणि बायोमेट्रिक यंत्रावर अंगठा सात मिनिटे उशिरा उमटला.

सारेच गोड होते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. नोव्हेंबरात हवा अशी होते, की शहाण्याने सायकल जिन्याखाली ठेवावी; आम्हीही ठेवतो. मोटारवाल्यांच्या दृष्टीने सायकलस्वार हा रस्त्यावरील खड्ड्याचा एक प्रकार आहे. एका मोठ्या समारंभाच्या दारी आम्ही इस्त्रीचा सदरा घालून, निमंत्रणपत्रिका खिशात ठेवून उतरलो, तर पहारेकऱ्याने विचारले, “किसका खाना लाये हो?” आम्ही पत्रिका दाखविली, तो ओशाळला, आणि त्याहून अधिक आम्ही ओशाळलो. कारण तो प्रश्न आपल्याला लागावा असे त्यात काय होते, याचे उत्तर त्या रात्री आम्हांला देता आले नाही. ते आम्ही वहीत लिहून ठेवले.

होय, तोवर वही आली होती. १ जानेवारी २०२१ रोजी एका बँकेची डायरी आमच्या वाट्याला आली. प्रथम तिच्यात केवळ सायकलीचा संसार होता: हवा भरली, ब्रेकचे रबर बदलले, पंक्चर, किती किलोमीटर. परंतु किलोमीटरपुढे जागा उरे, म्हणून बहावा आला. बहाव्यामागून मिस्त्री आला, मुलीचा पडलेला दात आला, साहेबांनी टिपणावर मारलेला लाल शेरा आला. जगातील एका विख्यात रोजनिशीचा कर्ता सॅम्युएल पीप्स हाही आमच्याच जातीचा, म्हणजे लंडनच्या आरमारी कचेरीतील चिटणीस होता, हे वाचून तर आम्हांला बळ आले. त्याने १६६० च्या पहिल्या दिवशी लिहावयास आरंभ केला आणि डोळे जातील या भीतीने १६६९ च्या मे अखेरीस थांबविले. सारे लघुलिपीत, घरच्यांनी वाचू नये असे बरेच त्यात होते. आमच्या वहीत लपविण्याजोगे काही नव्हते. निदान आम्हांला तसे वाटत होते.

सायकलीचा आणि वहीचा हा जो सहवास आम्हांला घडला, त्यात एक साम्य आम्ही पाहिले. दोन्ही माणसाला त्याच्या स्वतःच्या चालीने चालवितात. सायकलीला पाय मारणे थांबले, की ती काही अंतर पुढे जाते आणि मग झुकते, वहीचेही तसेच. दोन दिवस वगळले तर चालते, आठवडा वगळला की उतरून हाताने ढकलावी लागते. रात्री दहाच्या सुमारास, सौभाग्यवती दाराला कडी घालीत असता, आम्ही चार ओळी लिहितो. आणि दिवसाला नंबर पडला, आता तो आला असे म्हणावयास हरकत नाही, असे समाधान घेऊन निजतो. एवढाच आमचा आनंद. पगारश्रेणीत त्याची गणना होत नाही.

येथे लेख संपावयास हवा होता. तो संपत नाही, याचे कारण अण्णा.

आमचे वडील कऱ्हाडजवळच्या एका खेड्यातून तालुक्याच्या कचेरीत ७ किलोमीटर सायकलीने जात. तीस वर्षे त्यांनी लेखनिकी केली. उसाच्या हंगामात रस्ता बैलगाड्यांनी भरलेला असे, पावसाळ्यात चिखलाने. परंतु त्यांची सायकल आणि तिच्या पुढच्या दांडीवर बसलेले आम्ही, दोघेही नेहमी स्वच्छ असू. नगरपालिकेचा सायकलीचा बिल्ला ते दर वर्षी मुदतीपूर्वी लावून घेत. ते एक खर्चाची वही ठेवीत, हे आम्हांला ठाऊक होते. घरात कोणी तिला रोजनिशी म्हणत नसे; ती ‘अण्णांची वही’ होती, आणि तीत दूध, किराणा व रॉकेल याखेरीज काही असेल अशी शंका कोणाला आली नव्हती.

एप्रिल २०२३ मध्ये अण्णा झोपेतच गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा सारे आटोपले होते. तेराव्यानंतर आईने लोखंडी पेटीतून वह्या काढल्या आणि म्हणाली, “तू लिहितोस ना रे दिल्लीला? मग या तुझ्याकडे ने. इथं कोण वाचणार?”

आम्ही शेवटची वही आगगाडीत उघडली. डावीकडे हिशेब, आणि उजवीकडे, समासाच्या अरुंद जागेत, रोजची एक ओळ. विहिरीचे पाणी. कोणाकडचे लग्न. सायकलीला तेल दिले, चालवली मात्र नाही. आणि दर रविवारी, न चुकता, दोन शब्द: ‘दिल्लीचा फोन.’ पुढे काही विशेष असेल तर तेही. ‘नातीने पाढे म्हणून दाखविले’ वगैरे. फेब्रुवारीच्या पानांवर आलो तेव्हा ५ तारखेला ‘दिल्लीचा फोन नाही’ असे होते. १२ तारखेला तेच. १९ तारखेला तेच. आणि २६ फेब्रुवारी, रविवार: ‘फोन नाही. हवा कोरडी. हिला म्हणालो, कामात असेल.’

घरी आल्यावर आम्ही आपली वही काढली. २६ फेब्रुवारी २०२३ च्या पानावर आमच्या सुवाच्य अक्षरात असे होते: ‘पहाटेच निघालो. लोदी बागेजवळ काटेसावर फुलली आहे. तेथून हुमायूनच्या कबरीपर्यंत, पुढे इंडिया गेटवरून घरी. १४ किलोमीटर. दुपारी गाढ झोप. फार दिवसांनी इतका आनंदाचा दिवस.’

खोटे त्यात एकही अक्षर नव्हते. सावर खरोखरच फुलली होती, आणि आनंदही खरा होता. चारही रविवारची पाने आम्ही पाहिली, चारही तशीच. फोन करावयाचा राहिला, ही नोंदही त्यांत नव्हती. आम्हांला ते आठवलेच नव्हते. आपल्या वहीत लपविण्याजोगे काही नाही, असे आम्ही समजत होतो; जे लपविले होते ते आम्ही लिहिलेच नव्हते, म्हणून दिसत नव्हते इतकेच.

सौभाग्यवतीला दोन्ही पाने दाखविली. तिने ती शांतपणे वाचली आणि म्हणाली, “अहो, ते रागावले नव्हते. कामात असेल, असं लिहिलंय.” तिने धीर देण्यासाठीच म्हटले. परंतु त्याच ओळीने आम्हांला त्या रात्री झोप लागू दिली नाही. ज्या माणसाने तीस वर्षे चाकोरीत काम केले, त्याला दुसऱ्याच्या अनुपस्थितीचे कारण शोधावयाचे तर ‘काम’ हेच सुचले. आणि आम्ही तर रजेवर होतो.

काही महिने सायकल जिन्याखाली होती. वही कपाटात. आम्ही मेट्रोने जाऊ लागलो, आणि त्याला प्रायश्चित्त असे मोठे नाव मनात देऊ लागलो. एके दिवशी फोनवर आईने विचारले, “सायकल चालवतोस ना अजून?” नाही म्हटल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्यांना फार बरं वाटायचं. कऱ्हाडला कोणी भेटलं, की सांगायचे, आमचा दिल्लीतसुद्धा सायकलनं कचेरीत जातो.” दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही पिंपळाखालच्या मिस्त्रीकडे चाके दिली.

तेव्हापासून वहीच्या पानाची मांडणी आम्ही थोडी बदलली आहे. रविवारी पहिली ओळ आईच्या फोनची. किलोमीटर, झाडे आणि आनंद त्याखाली, मिळेल त्या जागेत. फोन आधी, पायटा नंतर. आई आता विचारते, “आज कुठवर?” आणि आम्ही सांगितलेल्या रस्त्यांची नावे तिला पाठ झाली आहेत. बहावा फुलला का, हे मे महिन्यात तीच आम्हांला विचारते.

सेक्शनमध्ये नवी मुले येतात, त्यांना आम्ही डायरीचे काम शिकवितो. त्यांतील एक नियम आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो: कागद ज्या दिवशी नोंदवाल त्याच दिवसाचा नंबर त्याला मिळेल, मागील तारखेने नंबर देता येत नाही. मुले मान डोलावतात. त्यात समजावून सांगण्यासारखे काही नाही, असे त्यांना वाटते.

आज शनिवार. मुलगी निजली आहे. दोन्ही चाकांत हवा भरून ठेवली आहे, आणि फोन उशाशी आहे.