ज्योडीच्या आईची बंदूक

मार्जोरी किनन रॉलिंग्ज हे नाव घेतलं तर मराठी वाचक बहुधा विचारतो, कोण या? ‘पाडस’ म्हटलं की मात्र चेहरा खुलतो. राम पटवर्धनांचा अनुवाद इतका आपला झाला, की मूळ लेखिका त्याच्यामागे झाकूनच गेली. १९३८ साली मूळ ‘द इयरलिंग’ ही अमेरिकेतली सर्वाधिक खपाची कादंबरी होती. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. बाई मूळच्या वॉशिंग्टनच्या, वर्तमानपत्रात काम केलेल्या. १९२८मध्ये फ्लोरिडातल्या क्रॉस क्रीक या आडगावी संत्र्यांची बाग घेऊन राहिल्या आणि तिथल्या शिकाऱ्यांचं, शेतकऱ्यांचं बोलणं वह्यांत उतरवत गेल्या.

माझं देणं मात्र पुरस्कार मिळवणाऱ्या बाईंचं नाही, पुस्तकातली आई लिहिणाऱ्या बाईंचं आहे. दुष्काळात वैरण संपली तेव्हा मी वाढवलेलं करडू आईनं बाजारात विकलं. ती अढी माझ्या मनात पुढं बरीच वर्षं राहिली. मग ‘पाडस’ हाती आलं. साप चावलेला बाप विष उतरवायला हरिणी मारतो, तिचं पोरकं पिल्लू त्याचा मुलगा ज्योडी घरी आणतो. पिल्लाचं नाव फ्लॅग. इथवर कुणीही विरघळेल. पण फ्लॅग मोठा होतो आणि कोवळा मका खातो. पुन्हा पेरलेलाही खातो. बाप अंथरुणावर, ज्योडी एकटा खपून कुंपण उंच करतो आणि फ्लॅग ते सहज ओलांडतो. शेवटी बंदूक उचलते आई. नेम चुकतो, पाडस नुसतंच घायाळ होतं आणि उरलेलं काम पोराच्या वाट्याला येतं.

दुसऱ्या कुणी या आईची कैदाशीण केली असती. बाईंनी केली नाही. ज्योडीआधीची तिची मुलं जगली नव्हती. मका गेला तर खायचं काय, हा त्या घरातला खराखुरा प्रश्न होता. ते वाचलं आणि करडाच्या पैशांतून ज्वारी घेऊन आलेली माझी आई मला पहिल्यांदा नीट दिसली. प्राण्यांवर माया करायला शिकवणारी पुस्तकं मी नंतर पुष्कळ वाचली. त्यातल्या बहुतेकांना पोटाची आठवणच नसते.

बाई १९५३ साली गेल्या. ‘पाडस’ पुन्हा हाती घ्याल तेव्हा ज्योडीच्या आईची पानं घाईनं उलटू नका.